आपल्या घराण्याची कंबर

“एवढं विमानात बसून परदेशात गेलीस, ती काय सुईणीकडे बाळंत व्हायला?”

आई फोनवर पहिलं वाक्य हेच बोलली. मी तेव्हा चौदा आठवड्यांची गरोदर होते. आम्ही नेदरलँड्समध्ये, हेगजवळ राहतो. इथं गरोदरपणात काही गुंतागुंत नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ भेटतच नाही. भेटते ती ‘फेर्लोसकुंदिखे’. चार वर्षांचा अभ्यासक्रम केलेली, स्वतःच्या जबाबदारीवर बाळंतपण करण्याचा कायदेशीर अधिकार असलेली बाई. मराठीत तिच्यासाठी माझ्याकडे एकच शब्द होता, सुईण. तो उच्चारल्यावर आईच्या डोळ्यांसमोर अंधारी खोली, बाज आणि गंजका विळा आला असणार.

तिचा दुसरा मुद्दा जास्त गंभीर होता. “आणि तुला माहितीये ना, आपल्या घराण्याची कंबर अरुंद आहे. आपल्याकडे नाही होत गं नॉर्मल.”

हे वाक्य मी कळतं वय झाल्यापासून ऐकत आलेय. आईची उंची चार फूट दहा इंच. माझी अकरा. १९९२ साली सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये माझा जन्म सिझेरियननं झाला आणि तेव्हा तिला सांगण्यात आलं, की तुमचा पेल्व्हिस लहान आहे. त्यानंतर भाऊ झाला तोही सिझेरियननं. ते कागद तिनं जपून ठेवलेत. मी तिला फाइलचे फोटो पाठवायला सांगितले. निदानाच्या रकान्यात निळ्या शाईत तीन अक्षरं होती, ‘सीपीडी’. म्हणजे सेफॅलोपेल्व्हिक डिस्प्रपोर्शन. बाळाचं डोकं आणि आईच्या ओटीपोटातला हाडांचा मार्ग यांचं माप न जुळणं.

पुढच्या भेटीत मी सुईणबाईंना विचारलं, “माझा पेल्व्हिस कधी मोजणार?”

त्या म्हणाल्या, मोजणार नाही. मोजून काही कळत नाही. मग हसून म्हणाल्या, पण तू योग्य गावात विचारते आहेस. पेल्व्हिस अरुंद असू शकतो, हे ज्यानं पुस्तक लिहून सांगितलं तो माणूस इथंच, हेगमध्ये बाळंतपणं करायचा.

घरी येऊन मी त्याला शोधायला लागले, आणि पुढचे पाच महिने रात्री झोप लागेना तेव्हा हेच वाचत बसले.

* * *

हेंड्रिक फान डेव्हेंटर, जन्म १६५१. शिकला सोनारकाम. तरुणपणी एका कडक धर्मपंथात सामील होऊन तो उत्तरेला फ्रीसलँड प्रांतात राहायला गेला आणि तिथं वैद्यकाकडे वळला. त्याचं नाव झालं ते हाडांच्या इलाजात, विशेषतः मुडदूस बरा करण्यात. डेन्मार्कच्या राजानं आपल्या मुलांच्या मुडदुसासाठी त्याला कोपनहेगनला बोलावलं होतं. त्याची बायको सुईण होती, आणि तोही बाळंतपणं करू लागला.

सोनार, हाडवैद्य आणि सुईणीचा नवरा. या तीन गोष्टी एकत्र आल्या नसत्या तर पुढचं कदाचित त्याला दिसलंच नसतं. मुडदूस झालेल्या पोरींची हाडं मऊ पडतात, पाय वाकतात हे तो रोज बघत होता. त्याच पोरी मोठ्या होऊन बाळंतपणात अडत होत्या. १७०१ साली त्यानं डच भाषेत पुस्तक काढलं, सुईणींसाठी आणि बाळंतपण करणाऱ्या पुरुषांसाठी ‘नवा प्रकाश’. त्यात त्यानं ओटीपोटाच्या हाडांच्या चौकटीचं तपशीलवार वर्णन केलं आणि ही चौकट कुठं चपटी, कुठं अरुंद होऊ शकते ते सांगितलं. त्याच्याआधी बाई अडली तर दोष मुलाच्या आडवेपणाला, बाईच्या पापाला किंवा सुईणीला. त्यानं विचारलं, वाट कशी आहे ते पाहिलंत का?

त्याच काळात, त्याच फ्रीसलँडमध्ये, डोक्कुम नावाच्या गावात कातारिना स्क्राडर नावाची सुईण काम करत होती. नवरा शस्त्रवैद्य, तो पदरी मुलं टाकून वारला. पोटापाण्यासाठी तिनं १६९३ मध्ये हा व्यवसाय सुरू केला आणि वयाची ८८ वर्षं उलटेपर्यंत सोडला नाही. तिनं वही ठेवली. प्रत्येक बाळंतपणाची नोंद, मूल कसं आलं, पैसे किती मिळाले. तीन हजारांहून जास्त बाळंतपणं. दुसऱ्या सुइणींनी हात टेकले की हिला बोलावणं जायचं.

मला दोघांमध्ये ही जास्त आवडली, हे कबूल करते. त्यानं वाट पाहिली. हिनं तीन हजार वेळा वाटेशी बसून वाट पाहिली. मराठीत या दोन क्रियापदांसाठी शब्द एकच आहेत, ही गंमत मला रात्री दोन वाजता सुचली होती.

* * *

वाट अरुंद असते हे कळल्यावर पुढचा प्रश्न उघड होता: किती? इथून मोजमापाची गोष्ट सुरू होते.

स्कॉटलंडहून लंडनला आलेल्या विल्यम स्मेलीनं अठराव्या शतकाच्या मध्यावर बोटानं मोजायची रीत शिकवली. आतून बोट घालून मणक्याचं पुढं आलेलं टोक लागतं का बघायचं. लागलं तर वाट अरुंद, नाही लागलं तर प्रशस्त. तो चिमटाही वापरायचा, म्हणजे डोकं पकडून मूल ओढायचं लोखंडी साधन. हा चिमटा चेंबरलेन नावाच्या घराण्यानं शंभरावर वर्षं गुपित ठेवला होता. पॅरिसला शिकलेली एलिझाबेथ निहेल ही लंडनमधली सुईण १७६० साली स्मेलीवर पुस्तकभर तुटून पडली. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की या पुरुषांना थांबता येत नाही म्हणून यांना हत्यारं लागतात. सगळंच काही तिचं बरोबर नव्हतं. चिमट्यानं वाचलेल्या बायका आणि मुलं खरी होती. पण ‘थांबता येत नाही’ हा तिचा शेरा मी वहीत लिहून ठेवला.

मग फ्रान्समध्ये बोदलोक आला. त्यानं भूमितीच्या कर्कटकासारखं मोठं उपकरण वापरात आणलं. बाईच्या पाठीकडे एक टोक, पुढं ओटीपोटाच्या हाडावर दुसरं टोक. जे अंतर येईल त्यातून तीनेक इंच वजा करा, की आतली वाट मिळाली. ऐकायला किती छान! बाई उभी, कपडे फारसे न काढता, आकडा हातात. शंभर वर्षं युरोपातल्या डॉक्टरांच्या पेटीत हे उपकरण होतं. हाडांवरचं मांस, हाडांची जाडी बाईगणिक वेगळी असते आणि ‘तीन इंच’ सगळ्यांना लागू पडत नाहीत, हे हळूहळू मान्य झालं.

पण थांबा. हे सगळे मूर्ख होते आणि पेल्व्हिस ही भानगडच खोटी, असं मी म्हणत नाहीये. तसं वाटायला लागलं तेव्हा मी ग्लासगोबद्दल वाचलं.

एकोणिसाव्या शतकातलं ग्लासगो म्हणजे कोळशाचा धूर, दाटीच्या चाळी आणि वर्षातले कित्येक महिने सूर्य नाही. मुडदूस घरोघरी. तिथल्या गरीब बायकांचे पेल्व्हिस खरोखर इतके चेपलेले असत, की जिवंत मूल बाहेर येणं अशक्य. अशा वेळी इंग्लंड-स्कॉटलंडच्या डॉक्टरांचा रिवाज होता आईला वाचवण्यासाठी मुलाची कवटी आतच फोडून त्याला बाहेर काढायचं. हे वाचून मी फोन उलटा ठेवला आणि नवऱ्याला उठवलं. १० एप्रिल १८८८ रोजी मर्डॉक कॅमेरॉन या डॉक्टरनं ग्लासगोच्या प्रसूतिगृहात मुडदुसानं खुजी राहिलेल्या एका बाईचं सिझेरियन केलं. जंतुनाशकं वापरून, स्वच्छता पाळून. आई जगली, मूलही जगलं. मुलाचं नाव ठेवलं सीझर कॅमेरॉन.

म्हणजे अरुंद पेल्व्हिस खरा होता. फक्त तो घराण्यातून आला नव्हता. तो उन्हाच्या आणि दुधाच्या अभावातून आला होता.

* * *

हीच गोष्ट आपल्याकडे एका वेगळ्या रूपात सापडली. कॅथलीन व्हॉन ही ब्रिटिश डॉक्टर काश्मीरमध्ये, श्रीनगरला काम करत होती. तिच्याकडे अडलेल्या बायका येत त्या बऱ्याचदा पडद्यात, बंद घरांत राहणाऱ्या. त्यांना ऑस्टिओमलेशिया झालेला असे, म्हणजे मोठेपणीचा मुडदूस. उन्हाअभावी हाडं मऊ होतात, प्रत्येक गरोदरपणात आणखी मऊ होतात, आणि शरीराच्या भारानं पेल्व्हिस आत दुमडत जातो. पहिलं मूल सहज झालेली बाई तिसऱ्या खेपेला अडते. त्याच शहरात शिकाऱ्यांवर आणि होड्यांवर राहणाऱ्या, दिवसभर उन्हात वल्हवणाऱ्या हांजी बायका मात्र सहज मोकळ्या होत होत्या. वंश तोच, हवा तीच. फरक छपराचा. १९२८ मध्ये तिनं यावर पुस्तक लिहिलं, पडदा आणि मातृत्व याविषयी.

(कष्टकरी बायका कशा पटकन बाळंत होतात आणि लगेच कामाला लागतात, हे कौतुक साहेबांना फार होतं. आपल्याकडच्या सासवांनाही आहे. ते मला आवडत नाही. पण व्हॉनबाईंचा उन्हाचा मुद्दा खरा निघाला.)

मी आईला हे सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, “आजीच्या थोरल्या बहिणीचं तुला सांगितलंय का मी?”

नव्हतं सांगितलं. आजीला सहा मुलं, सगळी घरी झालेली, गावच्या सुईणीच्या हातून. आजी आईपेक्षाही बुटकी. म्हणजे ‘घराण्याची कंबर’ हा सिद्धांत एका पिढीमागेच फसतो, हे मला तोवर लक्षातच आलं नव्हतं. पण आजीची थोरली बहीण पहिल्याच बाळंतपणात गेली. तीन दिवस अडली होती. बैलगाडीतून मिशनच्या दवाखान्यात न्यायला निघाले, वाटेतच गेली. लग्न तेराव्या वर्षी. गेली तेव्हा पंधरा-सोळाची असेल.

“मग?” मी विचारलं. “तिची पण कंबर अरुंद?”

“तसंच म्हणायचे सगळे,” आई म्हणाली.

स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलींचा पेल्व्हिस वयात आल्यानंतर वेगळ्या दिशेनं वाढायला लागतो, रुंदावत जातो, आणि बाळंतपणाच्या दृष्टीनं त्याचा आकार सर्वांत सोयीचा असतो साधारण पंचवीस ते तीस वयात. पंधराव्या वर्षी तो पुरता वाढलेलाच नसतो. त्या थोरल्या आज्जीची कंबर अरुंद नव्हती. ती अजून व्हायची होती.

आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. त्यानंतर त्या शिकायला अमेरिकेला गेल्या, हे आपण शाळेत वाचलंय. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रबंध सादर केला तो कशावर, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. प्रसूतिशास्त्रावर. हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र.

* * *

विसाव्या शतकात मुडदूस ओसरला. व्हिटॅमिन डी सापडलं, दूध मिळायला लागलं, चाळी पाडल्या गेल्या. खऱ्या अर्थानं चेपलेले पेल्व्हिस दुर्मीळ झाले. तर्कानं मोजमापाचा सोसही कमी व्हायला हवा होता. तो वाढला. कारण आता एक्स-रे आले होते.

१९३३ मध्ये कॉल्डवेल आणि मॉलॉय या न्यूयॉर्कच्या दोन डॉक्टरांनी पेल्व्हिसचे चार प्रकार ठरवले. बायकी, पुरुषी, वानरासारखा आणि चपटा. नावंच बघा. बाईच्या शरीरात ‘पुरुषी’ पेल्व्हिस! आपल्याकडे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुली आजही हे चार प्रकार पाठ करतात. त्याआधी एडिनबरात विल्यम टर्नरनं तर पेल्व्हिसवरून वंशांची वर्गवारी केली होती. युरोपीय आकार तो प्रमाण, बाकीचे त्याहून कमी-जास्त. २०१८ मध्ये लिया बेट्टी आणि आंद्रेआ मानिका यांनी जगभरातल्या सांगाड्यांचा अभ्यास करून दाखवलं, की जन्ममार्गाचा आकार प्रदेशाप्रदेशानुसार चांगलाच बदलतो. म्हणजे ‘प्रमाण’ म्हणून पुस्तकात छापलेला आकार हा एका भूभागातल्या बायकांचा होता.

आणि एक्स-रेचं काय झालं? ब्रिटनमध्ये गरोदर बायकांचे एक्स-रे सर्रास काढले जात. अ‍ॅलिस स्ट्यूअर्ट या ऑक्सफर्डच्या डॉक्टरबाईंनी कॅन्सरनं दगावलेल्या मुलांच्या आयांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि १९५६ ते ५८ मध्ये निष्कर्ष छापले: गरोदरपणात पोटाचा एक्स-रे झालेल्या आयांचं प्रमाण या मुलांच्या बाबतीत जवळजवळ दुप्पट होतं. त्यांच्यावर विश्वास बसायला बरीच वर्षं गेली. पुढं पेल्व्हिसच्या एक्स-रेचा हिशेब मांडला गेला तेव्हा दिसलं, की मोजणी केलेल्या बायकांची सिझेरियन वाढतात, मुलांना मात्र त्याचा फायदा झाल्याचं दिसत नाही.

याचं कारण साधं आहे. हाडांची चौकट ही दाराची चौकट नव्हे. गरोदरपणात सांधे सैल होतात. बाई उकिडवी बसली, ओणवी झाली, कुशीवर वळली की आतली मापं बदलतात. माकडहाड मागं सरतं. बाळाच्या कवटीची हाडं जुळलेली नसतात, ती एकमेकांवर सरकून डोकं निमुळतं होतं. बाळ हनुवटी छातीला टेकवून, वळत वळत येतं. टेबलावर उताण्या झोपलेल्या बाईचं एका क्षणाचं माप घेऊन यातलं काहीच मोजता येत नाही. डोकं वाटेत मावतं का, हे कळा पूर्ण सुरू झाल्यावर, काही तासांनी कळतं. त्याआधी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं, की निरोगी बाई कळा घेऊन आली की तिचा पेल्व्हिस सरसकट मोजत बसू नका.

* * *

मग बसलेल्या माणसाला कळायचं कसं, की आता पुरे, आता हलवायला हवं? इतकं सगळं वाचल्यावर मला खरी भीती ह्याच प्रश्नाची होती. थोरल्या आज्जीजवळही तीन दिवस सुईण बसलेली होतीच की.

याचं उत्तर ना हेगमध्ये सापडलं ना लंडनमध्ये. ते सापडलं आफ्रिकेत, आजच्या हरारेमध्ये. तेव्हाच्या ऱ्होडेशियात एक मोठं रुग्णालय आणि लांबलांब पसरलेली छोटी केंद्रं, तिथं फक्त सुइणी. डॉक्टर कमी, रस्ते लांब. न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमननं १९५० च्या दशकात कळांच्या काळात पिशवीचं तोंड तासागणिक किती उघडतं याचा आलेख काढला होता. फिलपॉट आणि कॅसल या दोघांनी १९७२ मध्ये त्या आलेखावर दोन तिरक्या रेघा मारल्या. पहिली सावध करणारी, तासाला एक सेंटिमीटरची. दुसरी चार तास उजवीकडे, कृती करायची.

क्रिकेट बघत असाल तर रिक्वायर्ड रन रेट आठवा. सुईण दर काही तासांनी एक फुली मारते. फुल्या पहिल्या रेघेच्या डावीकडे, तर बसून राहा. उजवीकडे सरकल्या, तर गाडी बोलवा, मोठ्या रुग्णालयात पाठवा. तिथं पोचेपर्यंत दुसरी रेघ यायला वेळ असतो. बाई अडायच्या आधी पोचते. तिच्या कमरेचं माप कुणी घेतलेलं नसतं. उंची, वंश, घराणं काही नाही. तिची वाट किती मोठी हे तिच्याच कळा सांगतात, आणि ते एका कागदावर उमटतं.

१९९४ मध्ये या आलेखाची आग्नेय आशियातल्या रुग्णालयांतली मोठी चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये आली. ३५,४८४ बायका. अठरा तासांवर लांबलेली बाळंतपणं ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आली, तातडीची सिझेरियनही कमी झाली. पुढं तासाला एक सेंटिमीटर ही अपेक्षाही सगळ्यांना लागू होत नाही, अनेक निरोगी बायका त्याहून सावकाश जातात, असं दिसल्यावर २०२० मध्ये तो नवा करण्यात आला. पण पाया तोच, बाईजवळ बसणारी कुणीतरी आणि कधी उठायचं हे सांगणारा कागद.

भारतात हे दोन्ही सुटे झाले. दाईंना शिकवण्यासाठी १९०३ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल निधी निघाला होता. स्वातंत्र्यानंतर एएनएम आल्या, पण त्यांच्यावर कुटुंबनियोजन, लसीकरण, रजिस्टरं असं सगळं लादून बाळंतपण मागं पडलं. जवळ बसणारी बाई नाहीशी झाली, उरलं ऑपरेशन थिएटर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली, खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. तेलंगणात सगळी मिळून ६०.७ टक्के. दर दहातल्या सहा तेलुगू बायकांचे पेल्व्हिस एका पिढीत आक्रसले असतील, हे कुणी म्हणणार नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं परिचारिकांना पुन्हा स्वतंत्र सुईण म्हणून तयार करण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातही तेलंगणाच पुढे आहे.

* * *

आई आठव्या महिन्यात आली. सोबत डिंक, अळीव, शतावरी आणि ती फाइल.

सुईणबाई घरी भेटीला आल्या तेव्हा आईनं फाइल त्यांच्यासमोर ठेवली. मी दुभाषी. त्यांनी निळी शाई नीट वाचली. रात्री नऊला दाखल, पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर. एक वाजता चार सेंटिमीटर. दीडला सिझेरियन. बाळाचं वजन २.६ किलो. त्या म्हणाल्या, मी तिथं नव्हते, त्यामुळं त्या डॉक्टरांनी चूक केली असं म्हणणार नाही. रात्री भूल देणारा माणूस मिळत असेल तेवढ्यात त्यांना ठरवायचं असेल. पण आम्ही तुझ्या आईला या वेळी चहा दिला असता आणि चालायला सांगितलं असतं.

मी भाषांतर केलं. आई काही बोलली नाही.

माझ्या कळा एका मंगळवारी रात्री सुरू झाल्या. पलंग विटांसारख्या ठोकळ्यांवर उंच करून ठेवला होता, घरीच व्हायचं ठरलं होतं. झालं नाही. सकाळी नऊला पाणमोट फुटली आणि पाणी हिरवट आलं, म्हणजे बाळानं आत शी केली होती. सुईणबाईंनी ज्या शांतपणे रात्रभर माझी पाठ चोळली त्याच शांतपणे रुग्णालयात फोन केला. त्या सोबत आल्या. तिथं मशीन लागलं, डॉक्टर दोनदा डोकावून गेली. दुपारी दोनच्या आत, कुशीवर वळलेली असताना मुलगी झाली. ३ किलो १५० ग्रॅम. मला टाके पडले आणि दोन आठवडे बसता येत नव्हतं, हेही लिहून ठेवते.

मुलीचं डोकं लांबुळकं, वर निमुळतं आलं होतं. आईनं ते पाहिलं आणि लगेच तेलाची वाटी मागितली, चोळून गोल करायला. घरी आठवडाभर येणारी परिचारिका म्हणाली, काही करू नका, दोन दिवसांत आपोआप होईल. वाटेतून येताना तसं होतंच.

“हिचं बघ कसं नव्हतं,” आई तिला माझ्याकडे बोट दाखवून मराठीतच म्हणाली. “हिचं डोकं जन्मल्या जन्मल्या लिंबासारखं गोल.” आणि तिथंच थांबली.

तिनं मागचे पाच महिने माझ्याकडून फोनवर सगळं ऐकलं होतं. गोल डोकं म्हणजे डोकं वाटेला लागलंच नव्हतं. ते का लागलं नाही, वेळ मिळाला नाही म्हणून की वाट नव्हती म्हणून, हे त्यावरून ठरत नाही. ते मी तिला सांगितलंही.

रात्री तिनं फाइल काढायला लावली. मी फोनवर फोटो उघडून दिला. “नीट बघ,” म्हटलं, “सीपीडीच्या आधी काय आहे?”

आईनं चष्मा लावला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. निळ्या शाईत, अक्षरांच्या डावीकडे, एक छोटं प्रश्नचिन्ह होतं.

“हे कधी घातलं?”

“पहिल्यापासून आहे.”

तिनं फोटो आणखी मोठा केला. मग बाळ उठलं.